अर्ध्या इंचाचे आटे, आणि टाइल्स न फोडता बसणारा हँड शॉवर

 

आजचा विषय आहे हँड शॉवर. हसू नका. किल्ले, लढाया, तह हे सगळं आपण करतोच, पण रोज सकाळी ज्या खोलीत आपण दार लावून उभे राहतो, तिचाही इतिहास असतो की. आणि मुद्दा अगदी प्रॅक्टिकल आहे. बाथरूम आधीच बांधलेलं आहे, टाइल्स बसलेल्या आहेत, घर कदाचित भाड्याचं आहे, मालक खिळा ठोकायलाही परवानगी देत नाही. अशा बाथरूममध्ये हँड शॉवर बसवता येतो का?

बहुतेक वेळा येतो. एकही टाइल न फोडता, तासाभराच्या आत. आता मजा बघा. तुमच्या बिल्डरने भिंतीत पाईप घातला तेव्हा हँड शॉवरचा विचारही केलेला नव्हता. शॉवर बनवणाऱ्या कंपनीने तुमचं बाथरूम पाहिलेलं नाही. तरी दोन्ही एकमेकांत फिरून घट्ट बसतात. कोडिंगवाल्यांना विचारा, दोन अनोळखी टीमचं काम पहिल्या फटक्यात जुळणं म्हणजे काय चीज असते! इथे ते रोज होतं, कारण दोघांनाही एक जुना करार मान्य आहे. तो करार म्हणजे अर्ध्या इंचाचे आटे.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक कारागीर होता, जन्म १८०३. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात तो शिकला आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्या काळात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एका दुकानाचा बोल्ट दुसऱ्या दुकानाच्या नटात जायचा नाही. मशीन बिघडलं की ते जिथे बनलं तिथेच पाठवायचं, किंवा स्थानिक लोहाराकडून जुळता बोल्ट घडवून घ्यायचा. म्हणजे ग्राहक कायमचा अडकलेला. ओळखीचं वाटतंय ना? चार्जरच्या पिना आठवा.

व्हिटवर्थने काय केलं, तर इंग्लंडभरच्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. त्यावरून १८४१ मध्ये त्याने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक प्रस्ताव मांडला: आट्यांचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे ठरलेलं. मला यातली सरासरीची आयडिया फार आवडते. ‘माझंच बरोबर, तुम्ही सगळे बदला’ असं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडंच बदलावं लागलं. रेल्वे कंपन्यांनी हे आटे उचलले आणि मग बाकीच्यांनाही पर्याय राहिला नाही.

बोल्टचा हाच ५५ अंशांचा कोन पुढे पाईपवरही आला. अर्ध्या इंचाच्या पाईपला इंचात १४ आटे. आज तुमच्या शॉवरच्या दांडीच्या टोकाला नखाने मोजलेत तरी तेच भरतील.

आता एक गंमत करून बघा. घरात पट्टी असेल तर त्या आट्यांची बाहेरून जाडी मोजा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. पण पट्टी दाखवेल जवळजवळ २१! मग अर्धा इंच गेला कुठे? तर तो पाईपच्या आतल्या पोकळीचा होता. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने लोखंडी पट्टी तापवून, वळवून तिचा सलग पाईप ओढायची पद्धत पेटंट केली. त्या काळी हे पाईप लागायचे मुख्यतः गॅसच्या दिव्यांसाठी. पाईपचं नाव पोकळीवरून पडायचं आणि भिंत चांगली जाड असायची. पुढे पोलाद सुधारलं, भिंती पातळ झाल्या. पण बाहेरची जाडी बदलली असती तर जुने सगळे आटे वाया गेले असते. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं, आतली पोकळी वाढत गेली आणि ‘अर्धा इंच’ हे नुसतं नाव उरलं. कोणत्याही कंपनीच्या जुन्या कोडमध्ये असा एक व्हेरिएबल असतोच, ज्याच्या नावाचा त्याच्या किमतीशी काही संबंध उरलेला नसतो. इथे मात्र त्या हट्टाचा फायदा आपल्याला झाला.

फ्रेंच लोकांनी मीटर जगाला दिला, इंचाशी त्यांचं वाकडं. तरी त्यांचे प्लंबर हेच आटे वापरतात, फक्त त्याला ‘१५/२१’ म्हणतात. आतून १५ मिमी, बाहेरून २१. आपल्याकडे दुकानात ‘अर्धा इंची’ मागायचं आणि कॅटलॉगमध्ये १५ मिमी वाचायचं, हे त्यातलंच. जर्मनी, चीन, भारत, सगळ्यांच्या शॉवरच्या नळीला हेच आटे. आपल्या आयएस ५५४ या मानकातही हाच ५५ अंशांचा कोन आहे. मुंबईत तलावाचं पाणी नळाने आलं ते १८६० मध्ये, विहारमधून. पाईप आणि सामान तेव्हा विलायतेहून बोटीने यायचं. माणसं गेली, आटे राहिले.

अपवाद अमेरिका. विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांचा कोन मांडला, आणि अमेरिकन पाईपच्या आट्यांचा कोनही ६० अंशच आहे. पण अर्ध्या इंचाला इंचात आटे १४ च! त्यामुळे न्यू जर्सीहून दादा-वहिनींनी हौसेने आणलेला शॉवर आपल्या दांडीवर दोन-तीन फेरे सुरेख फिरतो. सगळ्यांना वाटतं, बसला. मग तो अडतो किंवा झिरपायला लागतो. जबरदस्ती करू नका. दुकानात अ‍ॅडॅप्टर मिळाला तर ठीक, नाहीतर तो शॉवर परत जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घाला.

आता आटे जरा बाजूला ठेवू आणि शॉवरकडे वळू.

लंडनच्या विल्यम फीथम या शेगड्या बनवणाऱ्या माणसाने १७६७ मध्ये शॉवरचं पेटंट घेतलं. हातपंपाने पाणी वरच्या भांड्यात चढवायचं आणि साखळी ओढली की ते डोक्यावर पडायचं. गार पाणी. शिवाय खाली पडलेलं तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. कुणाला फारसा आवडला नाही, यात नवल नाही.

शॉवर खरा पसरला तो चैनीतून नाही, तुरुंगातून. फ्रान्समध्ये रूआँ शहरात बॉन-नूव्हेल नावाचा तुरुंग आहे. मेरी देलाबोस्त हे तिथले डॉक्टर. नाव मेरी असलं तरी गृहस्थ होते. १८७० च्या दशकात त्यांनी कैद्यांसाठी टबाऐवजी शॉवर बसवले. आठ कैदी एका वेळी, पाच मिनिटांच्या आत, मोजक्या गरम पाण्यात स्वच्छ. मग तेच सैन्याच्या बराकीत गेलं. १८८३ मध्ये बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात ऑस्कर लासार या त्वचारोगतज्ज्ञाने पत्र्याचं सार्वजनिक शॉवरघर उभारून दाखवलं. त्याचं म्हणणं होतं, प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्याला एक अंघोळ मिळावी. आठवड्याला एक!

यातून दिसतं असं, की डोक्यावरचा शॉवर बनला तो धडधाकट, उभं राहू शकणाऱ्या आणि लवकर बाहेर काढायच्या माणसांसाठी. पाणी कुठे पडणार ते भिंत ठरवणार, माणसाने त्याखाली जायचं.

आपली अंघोळ याच्या अगदी उलटी. न्हाणीघरात पाटावर बसायचं, बंबातलं कढत पाणी घंगाळात, त्यात विसण घालायचं आणि तांब्याने अंगावर घ्यायचं. पाणी कुठे पडणार ते हात ठरवणार. विसण हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी: कढत पाणी सोसवेल इतपत करायला त्यात मिसळायचं गार पाणी. भिंतीवरचा मिक्सर दुसरं काय करतो? विसणच घालतो. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतही कोपऱ्यात मोरी होती, आणि त्या मोरीत चार जणांच्या अंघोळी बादली-तांब्यावर व्हायच्या. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी बाई, दिवाळीत पाठीला उटणं लावणारी आई, हे सगळं बसूनच. आपल्याकडे अंघोळ ‘करतात’ तशी ‘घालतात’ही, आणि वरच्या शॉवरखाली कुणाला अंघोळ घालून बघा, घालणाराच आधी भिजतो.

हँड शॉवर म्हणूनच मला तांब्याचा भाऊ वाटतो, जन्म जर्मनीत झाला असला तरी. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख गावात हान्स ग्रोहे यांनी १९०१ मध्ये कारखाना काढला. १९२८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पोर्सिलेनच्या मुठीचा हँड शॉवर मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि १९५३ मध्ये तो हवा तितका वर-खाली सरकवून अडकवायची भिंतीवरची दांडी आणली. म्हणजे उभ्याने करायची असेल तर वर, बसून करायची असेल तर हातात. आपल्याकडे दुकानात याला अजूनही ‘टेलिफोन शॉवर’ म्हणतात, कारण तो जुन्या फोनच्या रिसीव्हरसारखा खाचेत ठेवायचा. तुमच्यापैकी अनेकांनी तसा फोन फक्त सिनेमात पाहिला असेल. फोन गेला, नाव शॉवरला चिकटून राहिलं.

हे सगळं मला शोधावंसं वाटलं त्याला कारण माझी आजी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. प्लास्टिकच्या उंच स्टुलावर बसून अंघोळ. बादली खाली, तांबा हाताला लागेना. वरचा शॉवर सुरू केला की रोज केस ओले, आणि ओल्या केसांचं तिला वावडं. मग आई तिला अंघोळ घालायची. आजी एके काळी शाळेत मुख्याध्यापिका होती. दार उघडं ठेवून लेकीसमोर बसावं लागतंय, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त ‘आज राहू दे, उद्या करीन’ म्हणायला लागली. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. हँड शॉवर बसवल्यावर पहिल्या दिवशी तिने आईला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. कडी लावायची नाही, एवढीच आईची अट होती.

तर आता बसवायचा कसा. जागा तीन असतात, आणि तुमच्या बाथरूममध्ये कुठली आहे ते आज बघून घ्या.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे वरच्या शॉवरची दांडी. टोकाची चाळणी, म्हणजे रोझ, फिरवून काढायची. तिथे उघडे अर्ध्या इंचाचे आटे मिळतात. त्यावर डायव्हर्टर लावायचा. त्याला दोन तोंडं असतात, एकावर जुना रोझ परत आणि दुसऱ्यावर दीड मीटरची नळी. भिंतीला हातच लागत नाही. भाड्याच्या घरासाठी हाच मार्ग, कारण घर सोडताना उलट्या क्रमाने काढून नेता येतं. अडचण एकच, डायव्हर्टर वर असतो. बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही, आधी कुणीतरी फिरवून ठेवावं लागतं. आजीकडे आम्ही तो कायम हँड शॉवरकडेच वळवून ठेवलाय.

दुसरी जागा मिक्सर. गरम-गार दोन्ही पाईप भिंतीतून साधारण १५० मिमी अंतरावर बाहेर येत असतील तर जुना मिक्सर काढून टेलिफोन शॉवरची सोय असलेला लावता येतो. अंतर थोडं इकडे-तिकडे असलं तरी मिक्सरबरोबर येणारे तिरके जोड ते सांभाळून घेतात. तिसरी जागा अँगल कॉक. तिथे टू-वे कॉक लावून नळी जोडता येते, पण पाणी फक्त गारच मिळतं. उन्हाळ्यात चालेल, आजीला चालणार नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये मात्र जरा थांबा. सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाईप सर्रास व्हायच्या आधीच्या इमारतींत भिंतीत जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप असतात. चाळणी काढताना सगळी दांडीच फिरायला लागली, तर भिंतीतला गंजलेला जोड तुटू शकतो, आणि मग मात्र टाइल फोडल्याशिवाय सुटका नाही. आमच्याकडे आलेल्या प्लंबरकाकांनी दांडी एका पान्याने पक्की धरली आणि दुसऱ्या पान्याने फक्त चाळणी फिरवली. दोन पाने! सगळं कौशल्य त्यात. हलली नाही तर जोर लावायचा नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा-एक तास गुंडाळून ठेवायचं, क्षार सुटतात. आणि हो, सगळ्याच्या आधी मेन कॉक आणि गिझर बंद.

आट्यांवर टेफ्लॉनची टेप, आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची. जुने प्लंबर इथे सुतळी आणि सफेदा वापरायचे. टेफ्लॉन सापडलं १९३८ मध्ये, ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट हे फ्रिजमधल्या वायूंवर प्रयोग करत होते तेव्हा योगायोगाने. आज त्याची छोटीशी रीळ कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नळीच्या टोकांना मात्र टेप नको, तिथे आत रबरी वायसर असतो आणि तोच पाणी अडवतो. वायसर विसरला तर कितीही आवळा, गळणारच. नळी हातानेच आवळायची.

हूक किंवा सरकती दांडी भिंतीवर लावायची असेल तर टाइलला भोक आलं. काचेचं किंवा टाइलचं बिट, वर मास्किंग टेपचा तुकडा, ड्रिलचा हॅमर मोड बंद, हळू वेग. टाइल पार होईपर्यंत तरी हॅमर नाही. आणि नळाच्या किंवा शॉवरच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, पाईप बहुधा तिथूनच गेलेला असतो. आजीची मूठ वय झाल्यामुळे सैल आहे, म्हणून आम्ही हूक स्टुलावर बसल्यावर तिच्या खांद्याच्या उंचीला लावला. एक इशारा: ती दांडी शॉवर अडकवायला असते, आधार धरून उठायला नाही. त्यासाठी वेगळा ग्रॅब बार, तो नीट भिंतीत बसवलेला.

पाण्याच्या जोराबद्दल एक फायदा फुकट मिळतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बार. म्हणून वरचा शॉवर तिथे नुसता ठिबकतो. हँड शॉवर एक मीटर खाली धरला की ०.१ बार वाढला, म्हणजे एक तृतीयांश जास्त! तळमजल्यावर उलट. तिथे बारा मजल्यांचा दाब नळीवर असतो, त्यामुळे मुठीवरच्या बटणाने पाणी बंद करून कॉक उघडा ठेवू नका. रात्री नळी फुटली तर सकाळी हॉलमध्ये तळं. शिवाय मिक्सर उघडा आणि मूठ बंद असली, तर गिझरचं पाणी गार लाइनमध्ये घुसू शकतं. पुढच्या माणसाने गार नळ सोडला की आधी गरम येणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हँड शॉवर सुरू ठेवून बादलीत बुडवून सोडू नका. टाकी रिकामी झाली किंवा वरचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर लाइन उलटी ओढते. पेट्रोल नळीने काढतात ना, तसं. बादलीतलं साबणाचं पाणी सरळ खालच्यांच्या नळात. अतिशयोक्ती वाटत असेल तर १९३३ चं शिकागो बघा. जागतिक प्रदर्शनासाठी लाखो लोक आले होते. दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, आणि तिथे उतरलेले पाहुणे अमिबाची आव घेऊन आपापल्या गावी गेले. शंभराच्या आसपास माणसं दगावली. आपल्याकडे उपाय सोपा आहे: शॉवर हुकावर, तोंड बादलीच्या काठाच्या वर. नळीच्या सुरुवातीला बसणारा छोटा एनआरव्ही मिळाला तर तोही टाका. पाणी एकाच दिशेने जाऊ देतो.

दुकानात जाताना जुना रोझ काढून पिशवीत टाका आणि काउंटरवर नव्या डायव्हर्टरला तिथल्या तिथे फिरवून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. वायसर दोन जास्तीचे मागून घ्या, ते बहुतेक तसेच देतात.

पुढच्या भागात आपण गिझरकडे जाणार आहोत. आइसलँडमधल्या एका गरम झऱ्याचं नाव लंडनमार्गे आपल्या बाथरूममध्ये कसं आलं, ती गोष्ट. भेटूच!